उत्साहाला दावं बांध

दहिवडी, ता. माण
वैशाख

चि. सौ. भाचीबाईस,


तुझे फोटो आले, त्यांच्यासोबतचं लांबलचक बोलणंही ऐकलं. दोन उस्मानाबादी शेळ्या आणि एक पाठ घरी आली, सासूबाईंनी ओवाळून कुंकू लावलं, जावईबापूंनी आळीत पेढे वाटले. बरं वाटलं. पुण्याची नोकरी सोडून जुन्नरकडच्या अडीच एकरांत राहायचं ठरवलंत, तर दारात जनावर हवंच. पण तो फोटो मोठा करून पाहिला आणि तुझ्या मामीनं हातातलं काम टाकून तुला फोन लावला. काळी शेळी भिंतीला अंग लावून, चारी पाय जवळ घेऊन उभी आहे आणि तिच्या तोंडापुढं परातभर गव्हाचं पीठ. ‘परात उचल’ एवढं मामी फोनवर बोलली. त्याच्या मागचं पुढचं फोनवर सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधी मनात पक्की धर. नव्या शेळीला पहिल्या तीन आठवड्यांत रोगराईइतकाच धोका असतो तो हौशी मालकाचा. तुम्ही दोघं उत्साही, सासूबाई प्रेमळ, लेक तर दिवसभर शेळ्यांच्या गळ्यात. त्या उत्साहाला तेवढे दिवस दावं बांधून ठेव. शेळीला नवं घर समजायला लागतं ते फार थोडं: तोच माणूस, तीच वेळ, तोच चारा, तोच आवाज. एवढं मिळालं की ती रुळते.

आता पिठाचं सांगतो. शेळीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा पचतो तो तिथल्या कोट्यवधी सूक्ष्म जिवांच्या जोरावर. ते ज्या चाऱ्यावर पोसले, त्या कामाचेच ते कारागीर. चारा बदलला की नव्या कामाची माणसं जमायला दोन-तीन आठवडे जातात. अशात पीठ, धान्य, शिळा भात, भाकरीचे तुकडे पोटभर पडले, तर ते झपाट्यानं आंबतं, पोटात आम्ल होतं, पोट चालायचं थांबतं. शेळी खाणं टाकते, दात खाते, पातळ हगते, बसते ती उठत नाही. धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत हातचं जातं आणि घरच्यांना वाटतं, दृष्ट लागली. तेव्हा उरलंसुरलं घालायची हौस सासूबाईंना असेल तर ती कोंबड्यांवर भागवा.

जुन्या मालकाकडून त्याच्या चाऱ्याचं एखादं पोतं आणलं असशील तर उत्तम. नसेल तर तो काय घालत होता ते विचारून घे. तिकडं बहुधा तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट आणि बाभळीच्या शेंगा असणार. पहिला दिवस फक्त सुका चारा आणि पाणी. पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ टाकलंस तर प्रवासाचा शीण जातो. दुसऱ्या दिवसापासून तेच भुसकट आणि त्यात मूठ-मूठ तुमच्याकडचा मेथीघास, शेवरी, हादगा. दर तीन-चार दिवसांनी नव्याचा वाटा वाढव. विहिरीजवळ सुबाभूळ आहे म्हणालीस. ती शेळ्यांना आवडते, पण एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शापुढं जाऊ देऊ नकोस. खुराक चालू करायचा तो आठवड्यानं, ओंजळभरापासून; वाढवत मोठ्या शेळीला रोज २०० ते २५० ग्रॅमवर आणून थांब. बांधावरची कण्हेर आणि घाणेरी आत्ताच काढून टाक. आणि पावसाळ्यात ज्वारीच्या कोवळ्या, पाण्याअभावी सुकलेल्या पोंग्यात त्यांना जाऊ देऊ नकोस. किराळ लागली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही.

चारा जमिनीवर टाकायचा नाही. शेळी मुळात शेंडे खुडणारी; मान वर करून खायला तिला आवडतं. डहाळ्यांची पेंडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांग. खाली पडून तुडवलेला पाला ती हुंगते आणि सोडून देते. पाण्याचंही तसंच. बादलीत एक लेंडी पडली तरी दिवसभर तहानलेली राहील, पण तोंड घालणार नाही. लोक याला नखरा म्हणतात. पोटातले बरेच जंत लेंडीवाटेच एकीकडून दुसरीकडं जातात, हे तिच्या नाकाला ठाऊक असावं असंच वाटतं.

तुमच्या घरची म्हातारी शेळी या तिघींना पाहून ओरडते, म्हणून त्यांना एकत्र सोडायचं म्हणतेस. इतक्यात नको. निदान २१ दिवस नव्या जनावरांचा निवारा, बादली, गव्हाण सगळं वेगळं ठेव. आधी म्हातारीचं आवर, मग नव्यांकडं जा. उलट्या क्रमानं जाऊ नकोस, कारण रोग चपलेवरून आणि हातावरूनही जातो. बाजारात, टेंपोत अनेक कळपांची जनावरं एकमेकांना घासलेली असतात. पीपीआरची लागण झालेली शेळी पहिले चार-सहा दिवस अगदी बरी दिसते. मग ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण. गुरांची बुळकांडी जगातून गेल्याचं २०११ साली जाहीर झालं, पण तिची ही शेळ्या-मेंढ्यांतली बहीण अजून फिरते आहे. २०३० पर्यंत तिलाही घालवायचं जगभरात ठरलं आहे.

लस टोचून घ्यायची, पण उतरवल्या दिवशी नाही. थकलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या अंगात लस नीट मुरत नाही. खाऊ-पिऊ लागल्या, रवंथ चालू झाला, की गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक सांगितला की आधी काय टोचलंय याची नोंद सापडू शकते. पीपीआरची एक लस तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची मात्र दरवर्षी पावसाच्या तोंडाला घ्यावीच लागते, आणि पहिल्यांदा घेतली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पाऊस पडून कोवळं गवत आलं की तो रोग अधाशी खाणाऱ्या, गुबगुबीत करडांनाच आधी धरतो. अडीअडचणीला १९६२ हा क्रमांक फिरवायचा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा आहे.

जावईबापू जंताचं औषध आणून बसलेत म्हणालीस. ती बाटली फळीवर राहू दे. विकणाऱ्यानं दोन्ही शेळ्या गाभण म्हणून दिल्यात आणि अल्बेंडाझोलसारखं औषध गाभणपणाच्या सुरुवातीला पोटात गेलं तर करडात व्यंग येऊ शकतं. लेंड्या कागदात बांधून दवाखान्यात तपासायला दे, डॉक्टर सांगतील ते औषध, तेवढंच. मधल्या काळात तू एक कर. शेळीचं डोकं काखेत धर, अंगठ्यानं खालची पापणी हलकेच ओढ आणि आतला रंग उजेडात बघ. डाळिंबी लाल असेल तर ठीक. फिका गुलाबी असेल तर लक्ष ठेव. पांढरट दिसला तर रक्त पिणारे जंत पोटात आहेत, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलाव. पाठीपासून सुरुवात कर, ती लहान आहे, लवकर हाताला येईल. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. शेळ्याही या हाताळण्याला सरावतात.

आपल्याकडं जुनी माणसं दंव सुकल्याशिवाय शेळ्या सोडत नाहीत. त्यांना आळशी म्हणू नकोस. या जंतांची पिलावळ ओल्या गवताच्या पात्यावरून वर चढते. उन्हं तापली की पुन्हा खाली उतरते, आणि तेव्हाही जमिनीपासून वीतभराच्या आतच असते. म्हणून उशिरा सोडायचं, बुंध्यापर्यंत चरू द्यायचं नाही आणि एका तुकड्यात आठवडाभर मुक्काम करू द्यायचा नाही.

आता गोठा. फोटोत भिंत छातीपर्यंत, वर पत्रा आणि मधे मोकळी जागा. माणमध्ये चाललं असतं, तुमच्याकडं नाही. जुन्नरचा बिबट्या उसात राहतो, त्याची पिल्लंही उसातच होतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच नाही. छातीएवढी भिंत तो सहज चढतो. भिंत आणि पत्रा यांच्यामधली सगळी जागा जाड जाळीनं बंद करा. हवा खेळेल, पंजा आत येणार नाही. दाराला कडी बाहेरून हवी आणि अशी की नुसत्या ढकलण्यानं सरकणार नाही. अंधार पडल्यावर अंगणात एकही शेळी दाव्याला राहता कामा नये, आणि पोरीला तिन्हीसांजेला एकटीला गोठ्यात पाठवू नकोस. देव करो आणि वेळ न येवो, पण जनावर मारलंच तर जागेवरून हलवू नका, आधी वनखात्याला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

जागा एका मोठ्या शेळीला आत दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट धर. करडं झाल्यावर अपुरं पडेल, म्हणून आत्ताच एक खण जास्त घे. खाली मुरूम, उतार बाहेरच्या बाजूला. शेळी थंडी सोसते, भूक सोसते, ओल सोसत नाही. ओल पारखायची युक्ती सांगतो: सकाळी दार उघडल्यावर आत जाऊन उकिडवी बस, म्हणजे तुझं नाक शेळीच्या नाकाच्या उंचीवर येईल, आणि दोन-चार मोठे श्वास घे. डोळे चुरचुरले, तर मुताचा वास तिच्या फुप्फुसात रात्रभर जातोय, असं समज. उभ्यानं हे कळत नाही. मग ओला थर खरवड, कोरडा मुरूम पसर, चुन्याची फक्की मार. खरवडलेलं लेंडीखत शेवग्याच्या आळ्यांत जाईल.

तीन आठवडे झाले, सगळ्या ठणठणीत आहेत, म्हणजे ओळख करून द्यायची. गोठ्यात नव्हे, उघड्यावर, दुपारी, पोटं भरलेली असताना. म्हातारी टकरा देणार, हे धरून चाल. मोठी कोण हे ठरल्याशिवाय शेळ्यांना स्वस्थता नसते. ते ठरवायला त्यांना काही दिवस लागतात आणि तू मधे पडलीस की तेच काम लांबतं. रक्त आलं, कुणी कोपऱ्यात अडकली, किंवा एखादीला तोंड घालूच देत नाहीत असं दिसलं, तरच सोडव. चाऱ्याच्या पेंड्या शेळ्यांपेक्षा एक जास्त टांग आणि लांब लांब, म्हणजे हाकलून दिलेलीला दुसरीकडं खाता येतं. गाभण शेळीच्या पोटावर मात्र टक्कर बसू देऊ नकोस. म्हातारीची शिंगं वाकडी असली तरी नेम सरळ असतो.

रुळल्या हे कसं ओळखायचं, विचारतेस. संध्याकाळच्या चाऱ्यानंतर तासाभरानं गोठ्यात जा. पाय दुमडून बसल्यात, जबडे संथ फिरताहेत, लेंड्या कोरड्या आणि सुट्या पडल्यात, तू आलीस तरी कुणी उठत नाही: झालं. कान पाडून एकटी उभी, रवंथ बंद, अंगावरचे केस उभे, असं दिसलं तर ताप बघ. १०२-१०३ अंश हा तिचा नेहमीचा, त्यावर गेला तर फोन कर. डावी कूस फुगली असेल तर सकाळची वाट पाहू नकोस.

गाभण आहेत हे विकणाऱ्याचं म्हणणं. भरलेल्या तारखा त्यानं सांगितल्या असतील तर वहीत लिही आणि त्यांत पाच महिने, म्हणजे १५० दिवस मिळव. आणि महिन्याभरात एखादी शेपूट हलवत, ओरडत माजावर आलीच, तर गाभण नव्हती, इतकंच. चिडायचं नाही, बाजार असाच असतो. खऱ्याच गाभण असतील तर व्यायच्या आधीचा महिना-दीड महिना खुराक थोडा वाढव. करडू पडलं की तासाभरात त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. ‘वार पडल्यावर पाजू’ असं कुणी म्हणालं तर मान डोलाव आणि करडू सडाला लाव.

राहिली तुझी लेक. तिनं तिघींना नावं ठेवली, माझी हरकत नाही. पण उस्मानाबादी शेळी बहुतेक वेळा जुळी देते आणि दोन वर्षांत तीन वेतं होतात. हिशेब कर: करडांतले निम्मे बोकड असणार आणि अडीच एकरांत सगळे राहणार नाहीत. दूध घरच्या चहापुरतं, लिटरभराच्या आतबाहेर; घरात पैसा येणार तो बोकडांचाच. ते कुठं जातात हे तिला करडं होण्याआधी, दिवसाउजेडी, साध्या शब्दांत सांगा. ‘मामाकडं पाठवला’ असली थाप मारू नका. ती इथं येऊन मला विचारेल. आमच्याकडं पोरांना दरवर्षी एक पाठ निवडू देतात, ती त्यांची, विकायची नाही. बोकड विकताना पोरं समोर असतात आणि वहीत आकडा तीच लिहितात. रडतात, जेवत नाहीत एक वेळ, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना चारा घालायला तीच आधी जातात.

बकरी ईदच्या आधी व्यापारी दारात येतील आणि बोकडाच्या पाठीवर हात फिरवून किंमत सांगतील. तू आधीच वजनकाटा आणून ठेव, आणि त्यावर घातल्याशिवाय एकही बोकड देऊ नकोस.

जावईबापूंना नमस्कार, लेकीला मामीकडून पापा.

तुझा,
मामा