जुनी, नवी आणि भिशीची

शिकाऊ माणसाने जुनी गाडी घ्यावी की नवी, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाकडे तयार असते. जुन्याच्या बाजूचे म्हणतात, शिकताना गाडी पडणारच, मग नवी कशाला पाडायची? नव्याच्या बाजूचे म्हणतात, जुनी गाडी निम्मे दिवस गॅरेजात, मग शिकणार कधी? दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण हाच प्रश्न ३४ वर्षांच्या, बुरखा घालणाऱ्या आणि कोकणातल्या उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईपुढे येतो तेव्हा त्याला आणखी फाटे फुटतात.

माझी शाळा घरापासून ११ किलोमीटर. एस.टी. वेळेवर आली तर मी सकाळच्या दुआला उभी असते, नाही आली तर पहिला तास गेलाच. तेव्हा गाडी हवी, यावर घरात वाद नव्हता. बाईमाणसाने गाडी चालवावी का, असे एक-दोन बुजुर्गांनी जरूर विचारले. उंटावर स्वार होणाऱ्या कुरैशच्या स्त्रियांची तारीफ हदीसमध्ये आली आहे आणि सौदी अरबस्ताननेही जून २०१८ पासून स्त्रियांना वाहन चालवायला परवानगी दिली आहे. एवढे सांगितल्यावर तो विषय मिटला. खरा पेच पुढेच होता.

आमच्या पडवीत सासऱ्यांची १९९४ सालची बजाज चेतक उभी आहे. चेतक १९७२ मध्ये बाजारात आली, पुण्याच्या आकुर्डीत बनू लागली, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडण्याचे जाहीर केले. २०२० पासून पुन्हा चेतक मिळते, पण ती विजेवर चालणारी. नावापलीकडे दोघींत फारसे नाते नाही. अब्बांचे म्हणणे असे, "बेटा, चेतकवर हात बसला की दुनियेतली कुठलीही गाडी चालवशील." गाडी घरची, पैसा शून्य. याहून चांगले काय?

मी अंगणात शिकायला सुरुवात केली. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि त्याच मुठीने गिअर फिरवायचा. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. इंजिन उजव्या कुशीत, म्हणून गाडीचा तोल किंचित त्या बाजूला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे. सकाळी चालू होईना तर गाडी एका अंगावर कलती करायची, मग किक. ही सारी कामे अब्बांना श्वास घेण्याइतकी सहज जमतात, कारण त्यांनी ती ३० वर्षे केली आहेत. पण नवशिक्याला घाबरल्यावर एकच गोष्ट सुचते: हाताशी असेल ते घट्ट आवळणे. पावसाळ्यात जांभ्याच्या लाल चिखलावर, उतारावरच्या वळणावर पुढचा ब्रेक एकटाच आवळला तर चाक घसरते. शिवाय बुरख्याची कड आणि ब्रेकचे पेडल एकाच पायाशी.

मग नवी पाहायला शोरूममध्ये गेलो. बटण दाबले की चालू, गिअर नाहीत, दोन्ही ब्रेक हातात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला जोड-ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले आहे. जोड-ब्रेक म्हणजे एक दांडा दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. घाबरलेल्या हाताला यंत्राने दिलेला हा आधारच म्हणायचा.

पण नवी म्हणजे हप्ता, आणि हप्ता म्हणजे सूद. दुकानदाराने सांगितले, "साठ हजारांचं कर्ज, दहा टक्के, तीन वर्षं." मी सातवीला सूद-ए-मुफरद शिकवते, त्यामुळे हिशेब तिथेच केला. १८ हजार सूद, एकूण ७८ हजार, महिन्याला सुमारे २,१६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, पण सूद मात्र अखेरपर्यंत पुऱ्या ६० हजारांवर धरलेले. घटत्या मुद्दलावर मोजले तर तोच दर जवळपास १८ टक्के पडतो. हराम-हलालचा प्रश्न ज्याला वाटत नाही, त्यानेही हे गणित एकदा करून पाहावे. माझ्या ओळखीच्या कितीतरी भल्या माणसांनी कर्जावर गाड्या घेतल्या आहेत. त्यांना नावे ठेवायची नाहीत. मला मात्र त्या गाडीवरून शाळेत जाताना चैन पडले नसते.

तेव्हा आम्ही २० जणींनी भिशी लावली. दर महिन्याला प्रत्येकीचे ३ हजार, म्हणजे ६० हजारांची रक्कम. लिलावाची भिशी नको, हे आधीच ठरवले. गरजू बाई कमी रकमेवर आधी उचलते आणि उरलेले इतरांत वाटले जाते, तेव्हा ते सूदच झाले, नाव तेवढे वेगळे. आमच्याकडे चिठ्ठ्या. माझी सातव्या महिन्याला निघाली.

त्या पैशांत मी २०२० सालची, एकाच मालकाने वापरलेली बिनगिअरची स्कूटर घेतली. जुन्या आणि नव्याची सीमा माझ्यापुरती २०१९ वर आखली गेली: त्यानंतरची गाडी, पण रोखीने. गाडीचा रंग शेवटी पाहिला, कागद आधी. आर.सी.वर बँकेचा बोजा चढलेला नाही ना, विमा आणि पी.यू.सी. चालू आहे ना, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही आहे ना. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०३५ पर्यंत चिंता नाही. चेतकची नोंदणी मात्र दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच नियम आहे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. ते पक्के आहे का, हे मी स्वतः वाकून पाहिले. मेकॅनिक हसला, म्हणाला, "आपा, इंजिन तरी बघा!"

अब्बा पहिले चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी अंगणात येऊन त्यांनी टायरमधली हवा अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "स्टेपनी नाही हिला. पंक्चर झाली तर काय करशील?" चेतकला स्टेपनी असते. या मुद्द्यावर मी आजही निरुत्तर आहे.

आमच्या भिशीतल्या आणखी दोघींच्या चिठ्ठ्या निघायच्या आहेत. दोघीही विचारतात, जुनी घेऊ की नवी? मी त्यांना सांगते, आधी लर्निंग लायसन्स काढा. सहा महिन्यांची मुदत असते, तोवर नंबर लागेल.