परीक्षेच्या दिवसांतली पोटदुखी

फेब्रुवारी लागला की लांज्यातल्या माझ्या दवाखान्यात दहावी-बारावीची मुलं पोट धरून येऊ लागतात. कळ बेंबीभोवती, सकाळी शाळेच्या वेळी जोरात, रविवारी जवळजवळ नाहीच. तोवर घरी ओवा-हिंग देऊन झालेलं असतं, वाटी सरकली म्हणून पोट चोळून झालेलं असतं, रत्नागिरीला जाऊन सोनोग्राफीही झालेली असते. फाइल पुढे ठेवून आई विचारते, "डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग हा नाटक करतोय का?"

नाही. त्याचं पोट खरंच दुखतंय.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं. व्हेगस मज्जातंतू ते मेंदूशी जोडतो, आणि त्यातले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. भीतीच्या वेळी जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, मोठं आतडं मात्र घाईने हलतं. भीती रोजची झाली की मज्जातंतू हळवे होतात. एरवी जाणवलाही नसता असा वाताचा ताण कळ म्हणून उमटतो. हे सोनोग्राफीत कसं दिसणार? तिथे अवयवाची रचना दिसते, त्याचा हळवेपणा नाही. म्हणून तपासण्या पुन्हा पुन्हा करण्याच्या मी विरोधात आहे. प्रत्येक नव्या तपासणीबरोबर 'काहीतरी मोठं आहे' ही शंका मुलाच्या मनात पक्की होते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहातल्या एकाला वारंवार पोटदुखी होती आणि त्यांतल्या बहुतेकांत अवयवाचा आजार सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका अवयवाच्या आजाराचा संशय अधिक, हा त्यांचा आडाखा मला आजही उपयोगी पडतो. पण वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप किंवा हिरवी उलटी असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर तपासणी हवीच. आणि मोठ्यांचं वेगळं: चाळिशीपुढच्या माणसाच्या पोटात वरच्या बाजूला अचानक दुखू लागलं तर आधी ईसीजी. अवकाळी पावसाने आंब्याचा मोहर गेलेला बागायतदार असला तरी ते काळजीवर ढकलायचं नाही.

आमच्या कोकण मंडळाचा निकाल राज्यात वर्षानुवर्षं पहिला येतो. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. अभिमान मलाही आहे. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे नापास होण्याची भीती मुलाला एकट्याने बाळगावी लागते. वडील मुंबईला नोकरीत, आणि रोजच्या फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचाच. तो प्रश्न जेवणाबद्दल असावा, असं मी त्यांना सांगतो. घरच्यांनी दर तासाला "दुखतंय का रे?" विचारणंही थांबवावं, लक्ष तिथेच खिळलं की कळ वाढते. काळजी आवरेनाशी झाली तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

वर्गशिक्षकांनाही माझी एक विनंती असते. कळ आली म्हणून लगेच घरी पाठवू नका. शाळा बुडाली की दुसऱ्या दिवशी तिथे जाणं आणखी अवघड होतं. मागच्या बाकावर बसवा, पोट फुगवत चार आकडे मोजत श्वास आत घ्यायला आणि सहा आकडे मोजत बाहेर सोडायला सांगा, आणि कळ ओसरली की पुढच्या तासाला त्याच्या जागेवर बसू द्या.