तुलूझचा मुक्काम

सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ज्ञान मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, फ्रान्समधल्या तुलूझ शहरी, शनिवारी रात्री नऊ वाजता झाले. जून महिना असल्यामुळे बाहेर लख्ख उजेड होता, एवढेच समाधान. विमानातून नेण्यासाठी पुण्याच्या दुकानदाराने सायकल सुटी करून पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून दिली होती. मी उजवे पेडल डाव्या बाजूला लावू लागलो. ते जाईना, म्हणून पाना घेऊन जोर केला. आणि मराठीच्या प्राध्यापकाच्या जोरापुढेही अॅल्युमिनियम हार खाते, हे सिद्ध झाले. आटे मेले.

"उद्या दुरुस्त करून घेऊ," मी म्हणालो.

"उद्या रविवार," कन्या म्हणाली. "आणि इथली बरीच दुकानं सोमवारीही उघडत नाहीत. आता मंगळवारी बघू, बाबा."

ही आमची मुलगी दोन वर्षे इथे विमानविद्या शिकते आहे. एअरबसचे मुख्यालय याच गावी, आणि कॉन्कॉर्डने २ मार्च १९६९ रोजी पहिली झेप घेतली तीही इथूनच. तिला भेटावे आणि मग कालव्याच्या काठाकाठाने सेत बंदरापर्यंत, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, सायकल हाकावी असा माझा बेत होता. तो खोक्यातच राहिला. मग वाचकहो, शहर पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

रविवारी सकाळी सेंत ओबँ चर्चभोवतीच्या बाजारात गेलो. पहिल्याच भाजीवाल्याकडे मी बोट दाखवून टोमॅटो मागितले, तर तो नुसता पाहत राहिला. मुलीने मागून कोपर मारले, "आधी बाँझूर!" मी बाँझूर म्हटले आणि त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगावे! आपल्याकडे मंडईत रामराम न करता भाव विचारला तर कोणी रागावत नाही. इथे नमस्कारावाचून व्यवहारच सुरू होत नाही. सोमवारपर्यंत मी विजेच्या खांबालाही बाँझूर म्हणू लागलो होतो.

पण मनात घर केले ते भुयारी रेल्वेने. गाडीला चालक नाही. स्टेशनचे नाव आधी फ्रेंचमध्ये पुकारतात, आणि पाठोपाठ दुसऱ्याच एका भाषेत. ती ऑक्सितान. दक्षिण फ्रान्सची ही जुनी भाषा. बाराव्या शतकात, आपल्याकडे मुकुंदराज लिहीत होते त्या सुमारास, हिच्यातली प्रेमकविता युरोपभर गाजत होती. १३२३ साली तुलूझच्या सात रसिकांनी काव्यमंडळ स्थापून कवींना सोन्याचे फूल बक्षीस देण्याची प्रथा पाडली. ते मंडळ आजही आहे. मात्र पुढे तिथेही फ्रेंचच मानाच्या पाटावर बसली. शाळेत ऑक्सितान बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागली, तेव्हा आयांनी घरातसुद्धा फ्रेंच धरली.

मी डब्यात मान वळवून पाहिले. त्या दुसऱ्या पुकाऱ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

सोमवारी संध्याकाळी आम्ही पिएर-पोल रिकेच्या पुतळ्यापाशी बसलो होतो. कालवा खणणारा तो हा. मिठाच्या कराची वसुली करणारा हा गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर, १६६६ साली, या उद्योगात पडला. डोंगरातले पाणी नरूझच्या उंचवट्यावर आणायचे; तिथून ते आपणहून दोन बाजूंना उतरेल, काही अटलांटिककडे, काही भूमध्य समुद्राकडे, अशी त्याची युक्ती. त्यात त्याने घरचा पैसा ओतला. मुलींच्या हुंड्याची रक्कमही घातली म्हणतात. १६८० मध्ये तो कर्जात वारला आणि दुसऱ्या वर्षी कालवा खुला झाला.

"बाबा," मुलगी एकदम म्हणाली, "मला इथं नोकरी देतायत. आईला अजून सांगितलेलं नाही."

मी विचारले, "किती वर्षांची?"

"कायमची."

आता बापाने काय बोलावे? मी वर्गात मातृभाषेवर तासभर बोलू शकतो. तिथे मला एवढेच सुचले, "तुझी मुलं माझ्याशी कशात बोलतील?" ती हसली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी बोलेन त्यांच्याशी मराठीत. पण ती उत्तर कशात देतील, ते माझ्या हातात आहे का?" या उत्तराने मला बरे वाटले नाही, खोटे मात्र वाटले नाही.

मंगळवारी सायकलवाल्याने तोंडातल्या तोंडात पुटपुटत नवे आटे पाडून दिले. पेडल कसे बसवायचे ते त्याने मला दोनदा करून दाखवले आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करवून घेतले. परीक्षक कडक होता.

बुधवारी पहाटे निघालो. मुलीने रजा काढली होती. नरूझपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर ती बरोबर येणार, तिथून गाडीने परतणार, पुढे मी एकटा. काठावरची प्लेन झाडे एका बुरशीच्या रोगाने मरत आहेत. २००६ पासून हजारो तोडावी लागली आणि त्या जागी नवी रोपे लावणे चालू आहे. सावली, मग ऊन, मग पुन्हा सावली, असा रस्ता. ती पुढे होती. मधूनच मान वळवून ओरडली,

"बाबा, डाव्या पेडलचा आवाज येतोय का?"

"नाही गं," मी म्हटले, "चल तू."