शनिवारची बैठक

नागपूरहून निघालेली गाडी आमला, बैतूल, घोडाडोंगरी करत सातपुड्यातल्या सागवनांतून जाते, इटारसीनंतर नर्मदा ओलांडते आणि बुधनीचा घाट चढून भोपाळला पोचते. नागपूरच्या जुन्या घरांना ही वाट पाठ आहे. १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं, नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला गेला आणि सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं याच वाटेने तिकडे राहायला गेली. आमचे एक काका त्यांतलेच. त्यामुळे माझं भोपाळ म्हणजे तात्या टोपे नगर, मोठा तलाव आणि भारत भवन. या खेपेला मला जायचं होतं ते स्टेशनच्या उत्तरेला, गॅसपीडितांच्या वस्त्यांमध्ये.

सलोख्याच्या सभांना मी आवर्जून जाते. व्यासपीठावर दोन धर्मांचे दोन वक्ते बसतात, चांगलं बोलतात, आणि खाली बसलेली माणसं एकमेकांशी एक शब्दही न बोलता घरी जातात. भोपाळच्या बायकांनी वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत राहायची जी रीत पाडली, ती कुठे आणि कशी रुजली हे मला बघायचं होतं.

स्टेशनवर उतरल्यावर पहिली आठवण आली ती गुलाम दस्तगीर यांची. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा हे उपस्थानक अधीक्षक ड्युटीवर होते. फलाटावर भरून उभी असलेली गोरखपूरची गाडी त्यांनी वेळेआधीच सोडून दिली. डब्यांतले शेकडो लोक वाचले. दस्तगीरांना मात्र त्या वायूचा त्रास पुढे आयुष्यभर भोगावा लागला.

रिक्षावाल्याला ‘कार्बाइड’ एवढंच सांगितलं, त्याने पुढे काही विचारलं नाही. कारखान्याच्या भिंतीसमोर जयप्रकाश नगर आहे. आधी विष पोचलं ते या वस्तीत. रस्त्याकडेला आईचा पुतळा आहे: कडेवर मूल, पदराशी दुसरं, आणि तोंडावर आडवा धरलेला हात. रूथ वॉटरमन या डच शिल्पकार बाईंनी तो १९८५ साली घडवला. त्यांचे आईवडील नाझींच्या संहारातून वाचलेले. पुतळ्याखालच्या लेखात हिरोशिमा आणि भोपाळ ही दोन्ही नावं आहेत, आणि ‘आम्हाला जगायचं आहे’ अशी मागणी आहे. नेदरलँड्समधल्या एका ज्यू घराचं दुःख इथल्या गल्लीत येऊन उभं राहिलं, याचं मला त्या उन्हात फार बळ वाटलं.

भोपाळवर १८१९ पासून १९२६ पर्यंत चार बेगमांनी राज्य केलं.  त्यांतल्या शाहजहान बेगमांच्या नावाची एक बाग जुन्या शहरात आहे, यादगारे शाहजहानी पार्क. अब्दुल जब्बार यांच्या गॅसपीडित महिला उद्योग संघटनेची बैठक इथे दर शनिवारी भरायची. जब्बारभाई स्वतः गॅसपीडित. कोर्टात काय झालं, भरपाईचा अर्ज कुठे अडला, दवाखान्यात औषध का नाही, हे तिथे बोललं जायचं. बुरख्यातली आणि कुंकू लावलेली शेजारी बसायची, कारण दोघींचा अर्ज एकाच टेबलावर अडलेला असायचा. ‘ख़ैरात नहीं, रोज़गार चाहिए’ ही त्यांची घोषणा. १९९२ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये दंगल पेटली, माणसं मेली. त्यानंतरही ही बैठक टिकून राहिली. जब्बारभाई नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले, पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली. बागेत मी बराच वेळ बाकावर बसून होते. शांततेवरच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा हे मोकळं मैदान मला जास्त शिकवून गेलं.

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी गॅसपीडितांची गाठही अशीच कामावर पडली. गॅसपीडित बायकांसाठी सरकारने स्टेशनरी बनवायचं केंद्र काढलं होतं, तिथे १९८६ साली. रशीदा बी पडद्यात वाढलेल्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या. केंद्रातली मजुरी अगदी तुटपुंजी. दोघींनी बायकांची युनियन बांधली आणि १९८९ मध्ये मुलाबाळांसह पायी दिल्ली गाठली, साडेसातशे किलोमीटर. इतकी वाट एकत्र चालताना भाकरी, पाणी, आजारी पोर, सगळंच वाटून घ्यावं लागतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकार आणि कंपनी यांनी ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. ज्यांची फुप्फुसं जळली होती त्यांना कुणी विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

पुढे ‘झाडू मारो डाऊ को’ म्हणत या बायकांनी झाडू हाती घेतले, कारण युनियन कार्बाइड आता डाऊ केमिकलच्या मालकीची होती. २००४ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार दोघींना एकत्र मिळाला. त्या पैशांतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला. गॅसपीडितांच्या आणि कारखान्याच्या कचऱ्याने विषारी झालेलं पाणी प्यालेल्यांच्या घरी व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांवर तिथे मोफत उपचार होतात. जवळच संभावना ट्रस्टचा दवाखाना आहे, १९९६ पासूनचा. ॲलोपथी, आयुर्वेद आणि योग तिथे एकाच छपराखाली आहेत.

कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नेला आणि त्याच वर्षी तिथे जाळला. पीथमपूरकर रस्त्यावर उतरले होते. गावाला विश्वासात न घेता विष आणून टाकायचं, ही जुनीच चाल. भोपाळच्या संघटनांनीही विरोध केला. दारातली घाण जातेय म्हणून सुटकेचा श्वास टाकण्याऐवजी त्या म्हणाल्या, आमचं विष दुसऱ्या गावाच्या माथी मारू नका, ज्याचं आहे त्याने ते अमेरिकेला परत न्यावं. नागपूरचं परतीचं तिकीट मी रद्द केलं आणि इंदूरची बस धरली. पीथमपूर तिथून जवळ आहे, आणि तिथल्या बायकांना शाहजहानी पार्कातल्या या बैठकीविषयी सांगायचं माझ्या मनात होतं.