लेकाचं सासर

मुलगी सासरी जाते तेव्हा तिला कोणी पासपोर्ट विचारत नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की गाडीच्या मागच्या सीटवर तिला बसवून देतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या घरातल्या परक्या ओट्यावर किती कपांचं आधण ठेवायचं हे तिनं कोणाला न विचारता ओळखावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. आमची सौ. अशीच धुळ्याहून जळगावला आली. अंतर म्हणाल तर एस.टी.नं अडीच-तीन तासांचं. पण पहिलं वर्षभर ती 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य अशा सुरात म्हणायची, की धुळं समुद्रापलीकडे कुठंतरी असावं असं वाटे. वास्तविक 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळं. मग इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले आणि जळगावला स्वतःची कचेरी मिळाली. सौ.ला हे साल पाठ आहे. 'आधी तुम्ही आमच्याच हाताखाली होतात,' असं ती वर्षातून एकदा तरी ऐकवते. बहुधा मार्चअखेरीला, मी बँकेतून रात्री दहाला उगवतो तेव्हा.

हे आठवायचं कारण असं, की आमच्या घराण्यात पहिल्यांदाच मुलगा सासरी गेला. आणि सासर निघालं लंडन.

हा माझा चुलतभाऊ. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पाइपांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याची बायको मराठीच, पण जन्म लंडनचा. पुण्याला नोकरीनिमित्त आली होती, तिथं दोघांची गाठ पडली, लग्न झालं आणि ती जळगावला येऊन राहिली. नऊ वर्षं राहिली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हाही राहिली. भरिताची वांगी गॅसवर नव्हे, काड्यांच्या जाळावर भाजायची असतात, हे आता ती आम्हाला सांगते. तिच्या या स्थलांतरावर गल्लीनं एवढाच शेरा मारला होता, 'सून चांगली मिळाली हो!' विषय संपला.

परदेशी सुना महाराष्ट्राला नव्या नाहीत म्हणा. गेल ऑम्वेट अमेरिकेतल्या मिनेसोटाकडच्या; भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला आल्या, 1983 साली भारताच्या नागरिक झाल्या आणि 2021 साली कासेगावातच गेल्या. उलट वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांचं बघा. मेक्सिकोत त्यांनी मक्या-गव्हावर संशोधन केलं, एका बेल्जियन बाईंशी संसार थाटला, आणि स्वातंत्र्यानंतर मायदेशी यायचं म्हणाले तर इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव कुणी खोडलंच नव्हतं. ज्या देशासाठी घर सोडलं, त्याच देशाचा व्हिसा आधी नाकारला गेला! पुढे तो मिळाला आणि ते नागपूरला येऊन राहिले. तात्पर्य काय, सरकार बदललं तरी फाइल बदलत नाही. हे मी बँकेतला माणूस अधिकारवाणीनं सांगू शकतो.

तर 2024 साली भावाचे सासरे लंडनमध्ये आजारी पडले. घरात ते एकटेच. इकडे जळगावात माझी काकू, तीही एकटीच, वय पंचाहत्तर. दोन म्हाताऱ्या माणसांत सहा-सात हजार किलोमीटरचं अंतर आणि मधे ही दोघं. सासऱ्यांना इथं आणावं तर त्यांची औषधं, डॉक्टर, सगळं तिकडे. महिनाभर घरात खलबतं चालली. शेवटी काकूच म्हणाली, "इतकी वर्षं तिनं आपलं घर सांभाळलं. आता तू तिचं सांभाळ. जा."

आता गंमत बघा. कुटुंबात माणसं चार. बायको ब्रिटिश. तिचा जन्मच तिथला असल्यामुळे दोन्ही पोरं, जन्म जळगाव नगरीत होऊनसुद्धा, आईच्या नात्यानं ब्रिटिश. त्यांना पासपोर्ट काढला की काम झालं. फक्त आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा इकडचं सोडायचं. राहिला कोण? घरचा कर्ता पुरुष. व्हिसा एकट्या त्यालाच! फॉर्मवर बायकोचा हुद्दा 'स्पॉन्सर'. क्रिकेटच्या सामन्याला असतात तशी.

बरं, या स्पॉन्सरबाईंची कमाई किती हवी? वर्षाला 29,000 पौंड. एप्रिल 2024 पूर्वी 18,600 पुरत होते. आम्ही नेमके भाव वाढल्यावर बाजारात गेलो. रुपयांत तीस लाखांच्या वर. आणि नवऱ्याचा इथला पगार? तो हिशेबात धरत नाहीत. बारा वर्षं कारखान्यात घाम गाळलेला इंजिनियर त्या हिशेबात शून्य धरला. मी कॉमर्सचा पदवीधर. शून्याला काय किंमत असते ते जाणतो, पण तो बिचारा सायन्सचा. फार लागलं त्याला.

तेव्हा ठरलं असं, की बायकोनं मुलांना घेऊन पुढे जायचं, नोकरी धरायची, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जमवायच्या आणि मग नवऱ्यानं अर्ज करायचा. ती जूनमध्ये गेली. आता तुम्हीच सांगा, बायको दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली आणि सहा महिने परत आली नाही, याचा अर्थ जळगावात काय होतो? दिवाळीपर्यंत गल्लीनं निकाल लावून टाकला होता. दूधवाला हळू आवाजात बोलू लागला. समोरच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन एका वकिलाचा पत्ता दिला. 'समजुतीनं मिटवतो' म्हणाले. ब्रिटिश सरकारला तो पगाराच्या पावत्या दाखवू शकत होता, गल्लीला काय दाखवणार?

पण सरकारची शंकाही गल्लीचीच होती. अर्जात सिद्ध करायचं होतं, की लग्न खरं आहे आणि अजून चालू आहे. लग्नाचा दाखला एकटा पुरत नाही, एकत्र राहिल्याचे, बोलत असल्याचे पुरावे हवेत. हे वाचून मी घरी आलो आणि सौ.ला विचारलं, उद्या आपल्यावर पाळी आली तर? वीस वर्षांच्या संसाराचे पुरावे काढायला बसलो. दोघांचा मिळून फोटो लग्नातला एक, आणि पद्मालयच्या सहलीत एक. त्यात तिचा चेहरा माझ्या भावाच्या टोपीमागे. पत्र एकही नाही. मोबाईलवरचे निरोप पाहिले: 'दळण आणा.' 'आणलं का?' 'विसरलात ना?' सौ. म्हणाली, "भांडणाचे साक्षीदार चालतात का बघा. शेजारी दोन्हीकडचे देतील."

भावाला गठ्ठे लावायची शिस्त नाही, म्हणून त्याच्या कागदांची फाइल मी लावली. नवरा-बायकोतले सहा महिन्यांचे निरोप छापून आणले होते. तारीखवार लावायचे म्हणजे नजर जाणारच. त्यातही दळणच होतं, फक्त इंग्रजी पीठ. 'गॅस भरून घे.' 'धाकटीचा दात पडला.' 'आईंचं बीपी?' 'इथं चार वाजता अंधार होतो.' नोव्हेंबरातल्या एका पानावर होतं, 'आज दोघं तुझा जुना शर्ट कोणी घेऊन झोपायचं यावर भांडली. शेवटी मी घेतला.' त्या पानावर मी क्रमांक घातला, 143, आणि जरा वेळ पुढचं पान उलटलं नाही.

बाकीचे सोपस्कार भराभर झाले. क्षय नसल्याचा दाखला काढायला मुंबईची वारी. इंग्रजी येतं याचा पुरावा. (आमच्या कॉलेजात पुस्तकं इंग्रजी, शिकवणं मराठी आणि शंका अहिराणी असत, नशीब, कोणी मला विचारलं नाही.) शिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी 3,105 पौंड आगाऊ. काकूनं शांतपणे विचारलं, "तीन लाखांच्या वर होतात रे. आजारी नाही पडला तर परत देतात का?" भावानं न मागितलेले कागदही गोळा केले, त्यात त्याचा स्वतःचा जन्माचा दाखला. पाहतो तर नावाच्या रकान्यात काहीच नाही! लिंग पुरुष, आईचं नाव अमुक, बापाचं तमुक, मुलगा बिननावाचा. नव्यानं नाव घालून घेतलं. जुना कागद काकूनं मागून घेतला.

काकूला बरोबर नेता येईल का, हेही मी वाचून पाहिलं होतं. 2012 पासून त्यांचा नियम असा, की म्हाताऱ्या आईला उठा-बसायलाही माणूस लागत असेल आणि तशी सेवा इथं मिळणंच शक्य नसेल, तरच वाट मोकळी. म्हणजे आईनं चांगलं अंथरूण धरलं पाहिजे, आणि इथं विचारणारं कोणी नसलं पाहिजे. इथं मी आहे, सौ. आहे. आम्ही आहोत, हीच आडकाठी. काकूला हे कसं सांगावं या विचारात होतो, तर तीच म्हणाली, "मी कशाला जाऊ लेकाच्या सासरी राहायला? लोक काय म्हणतील?"

मार्च 2025 मध्ये तो गेला. कळण्याचं पीठ गेलं, मसाला गेला. साजूक तूप मात्र विमानतळावर पोचण्याआधीच आमच्याकडे राहिलं, कारण दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. काकू रडली नाही. सौ. रडली. "मी आले तेव्हा आमच्या घरी असंच झालं असेल," म्हणाली. धुळ्याच्या स्टँडवर तेव्हा कोण कोण आलं होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री तिनं सगळ्यांची नावं सांगितली.

आठवड्यानं त्याचं खातं माझ्या टेबलावर आलं. माणूस परदेशी राहायला गेला की त्याचं साधं बचत खातं चालत नाही, अनिवासी करावं लागतं. तसा फॉर्म तो सही करून गेला होता. अनिवासी! ज्या घराच्या जिन्यावर आम्ही दोघं पतंगाचा मांजा सुतत होतो, तो जिना अजून तिथंच आहे. नोंद केली, शिक्का मारला, पुढचं व्हाउचर घेतलं.

नोव्हेंबरात काकू हयातीचा दाखला द्यायला बँकेत आली. यंत्र तिचा अंगठा घेईना. पन्नास वर्षं भाकऱ्या थापून रेषाच उरल्या नाहीत. कागदी फॉर्म भरून दिला. मग स्टुलावर टेकून तिनं विचारलं, "त्याच्या खात्यात किती शिल्लक आहेत रे?"

"काकू, ते सांगता येत नाही. नियम आहे."

"अरे, आई आहे मी त्याची."

"पुरावा?" मी आपलं गमतीनं म्हटलं.

तिनं पिशवीत हात घातला, पेन्शनच्या पासबुकातून चार घड्यांचा एक पिवळट कागद काढला आणि काउंटरवर उलगडून ठेवला. नावाचा रकाना कोरा. आईच्या नावावर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत बसली.

शिल्लक मी सांगितली नाही. शिपायाला दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा.