दोन डोळे आणि एक किल्ली

अध्यापनाच्या व्यवसायात आयुष्याची उणीपुरी तीस वर्षे घालविलेल्या माणसास 'चारित्र्य' या विषयावर बोलण्याची खोड जडते. आम्हीही तिला अपवाद नाही. असा प्रसंग आला म्हणजे आम्ही हटकून व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या हिंदी बोलपटाचा दाखला देत आलो. औंध संस्थानात आटपाडीजवळ वसविलेल्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या मुक्त वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांना ही कथा सुचली, हे सांगताना आमचा मराठी ऊर किंचित भरूनही येई.

आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो, त्यांच्या बेड्या काढतो आणि त्यांच्याच हातांनी ती जमीन पिकवितो. कैदी एकदा पळ काढतात. परंतु आदिनाथाचे डोळे त्यांच्या मनापुढून हलत नाहीत, आणि ते परततात. पुढे बाजारात वाजवी दराने भाजी विकताना व्यापाऱ्याची माणसे त्यांना झोडपतात, तरी दिलेल्या वचनापायी ते उलट हात उगारीत नाहीत. शेवटी त्यांच्या शेताचे रक्षण करताना आदिनाथ प्राणास मुकतो. विश्वास टाकला म्हणजे माणूस सुधारतो, असे तात्पर्य सांगून आम्ही खाली बसत असू. टाळ्या पडत.

पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानानंतर आठवड्याच्या आत एका विद्यार्थ्याचा अर्ज आमच्यापुढे आला. त्याला ग्रंथालयात संध्याकाळचे काम हवे होते. मुलगा गरीब होता. परंतु आदल्या वर्षी पुस्तक चोरताना तो सापडला होता. आम्ही अर्जावर 'अयोग्य' असा शेरा मारला. तो भेटावयास आला आणि एवढेच म्हणाला, "सर, त्या पिक्चरमधल्या माणसांनी तर खून केले होते ना?" आम्ही नियमांविषयी काहीतरी बोललो. पुढच्या सत्रात तो कॉलेजात दिसला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत हा बोलपट आम्ही पुन्हा पाहिला. आजवर आमची दृष्टी त्या बारा हातांवरच खिळलेली होती. हात सुधारतात की नाही, एवढेच आम्ही पाहत होतो. खरी परीक्षा आदिनाथाची आहे, हे या खेपेस ध्यानात आले. वरिष्ठांपाशी कैद्यांची हमी तो स्वतः घेतो. फसला तर तोच फसणार असतो. विश्वास ही फुकट द्यावयाची वस्तू नव्हे. ज्याला स्वतःचे काहीच गमवावयाचे नाही, त्याने तिच्यावर व्याख्याने देऊ नयेत.

गेल्या महिन्यात तसाच दुसरा एक अर्ज आला. मुलाचा पूर्वेतिहासही तसाच. आम्ही जबाबदारी आपल्या नावावर लिहून घेतली आणि ग्रंथालयाची किल्ली त्याच्या हाती दिली. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी लवकर जाऊन आम्ही कपाटातील पुस्तके मोजू लागलो. दुसऱ्या फळीवर आलो असू, तोच मागे चाहूल लागली. मुलगा दारात उभा होता.

किल्ली आम्ही दिली होती. डोळे मात्र अजून पहारेकऱ्याचेच होते. मोजणी तशीच टाकून आम्ही बाहेर पडलो. ती पुन्हा केली नाही, आणि चारित्र्यावरचे व्याख्यानही त्यानंतर दिलेले नाही.