कळलावी

अकोटहून नरनाळ्याच्या वाटेला लागले, की शहानूर मागे पडल्यावर झुडपी रान सुरू होते. उन्हाळ्यात तेथे पाहण्याजोगे काही नसते. काळे दगड, वाळके गवत आणि बोराटीचे काटे. पण श्रावण-भाद्रपदात त्याच काट्यांतून कळलावी वर येते. पानाच्या शेंड्याला मुरड घालून ती शेजारची फांदी धरते, लहान पोराने आईचे बोट धरावे तशी, आणि माथ्यावर जाऊन पेटते. 'फुलते' म्हणवत नाही. सहा पाकळ्या उलट्या वळलेल्या, तळाशी पिवळ्या, टोकाला लाल. काही दिवसांत सारे फूलच लालभडक. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात, कोकणात गौरीचे हात. आमच्याकडे मात्र कळ लावणारी!

"हे फूल घरात नको आनू बापू, भांडनं लागतात," आजी म्हणायची. आमच्या घरात ते कधीच आले नाही. तरी वाटणीच्या वर्षी आई आणि काकू यांचे बोलणे तुटले, ते थेट माझ्या बहिणीच्या लग्नात जुळले. आळ घ्यायला फूलही नव्हते.

पण आजीचे म्हणणे आता मला निराळे वाटते. या वेलीचा कंद म्हणजे जहर. त्यातले कॉल्चिसिन डॉक्टर वातरक्तावर अगदी मोजून देतात. कंदच पोटात गेला, तर माणूस दगावतो. अडलेल्या बाईच्या तळपायांना सुइणी त्याचा लेप लावीत. नावातली कळ कदाचित त्या कळांचीही असेल. हे सारे पोराला कसे सांगायचे? भांडणाची भीती मात्र त्याला कळते. त्या भीतीने पोरेही राखली आणि वेलही.

तमिळनाडूने याच फुलाला राज्यफूल केले. तेथले शेतकरी वेल लावून तिचे बी औषधासाठी विकतात. आमच्या रानात मात्र कंदच उपटला जातो. दिवाळीच्या सुमारास वेल वाळते, कंद जमिनीत मृगाची वाट पाहत पडून राहतो. तोच गेला, तर पुढल्या पावसात त्या जागी काय येणार?

वर्गातली पोरे विचारतात, "गुरुजी, खरंच भांडनं लागतात का जी?"

"लागतात," मी सांगतो.